जुने पार्ट

पांढुर्णा
१९ जानेवारी २०२५

आमचे व्याही श्री. यशवंतराव यांस कवडूचा रामराम.

तुमच्या वडिलांच्या गाडीला खरं काय काय लागलं ते आधी सांगून टाकतो, बाकीचं मग. पैशाचं विचारू नका, ते मी पोरांच्या लग्नातच सोडून दिलं होतं. लागला एक डायनामो, कारण या गाडीत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडतात हे तो जळल्यावर आम्हाला कळलं. लागले आमच्या मिस्त्री भिवाजीच्या उजव्या भुवईचे केस. बायकोची पुरणाची चाळणी, कारण कार्बोरेटरचे बारीक तुकडे धुवायला दुसरं काही हाताशी नव्हतं, आणि ती चाळणी नंतर स्वयंपाकघरात घेतली गेली नाही. तीन उन्हाळे. आणि तुमचं-माझं बोलणं. बाकी सगळं कुठं कुठं लागलं ते मी बोट ठेवून दाखवू शकतो. हे शेवटचं कशात गेलं ते मात्र मला सापडून नाही राहिलं.

गाडी तयार आहे. बासष्ट सालची एमजी, दोन सीटांची, खाणीचा इंग्रज साहेब जाताना तुमच्या वडिलांना देऊन गेला ती. सौंसरात कोणी म्हणे ती हिरवी होती, कोणी म्हणे पांढरी. दाराच्या बिजागरीखाली खरवडलं तेव्हा लाल निघाला. तोच लाल लावला. तुम्हाला आठवत असेल, पूनम-वैभवच्या लग्नाच्या बोलणीला आम्ही आलो तेव्हा तुमच्या गोठ्यात हिच्या सीटवर कोंबडी बसली होती. मी म्हटलं, "मास्तर, ही चालते काय?" तुम्ही म्हणाले, "कवडूजी, ती आता चालत नाही, नुसती असते." ते वाक्य मला इतकं आवडलं की मी तिथंच म्हटलं, माझ्याकडं द्या, चालती करून देतो.

तर आता चालते. प्रश्न वेगळाच होऊन बसला आहे. पूनम दिवाळीला आठ दिवसांसाठी आली आणि संक्रांत झाली तरी इथंच आहे. तुम्ही न्यायला आले नाहीत. वैभव आला नाही. मी पूनमला विचारलं तर म्हणते, "काही नाही झालं बाबा." जावयाला फोन केला तर तो म्हणतो, "सगळं ठीक आहे बाबा, तब्येत सांभाळा." तुम्ही तर माझा फोन उचलतच नाही. इंजिन बसलं तर बसण्याचा आवाज येतो. इथं आवाजच नाही.

गाडी मी भिवाजीसोबत सौंसरला पाठवून दिली असती. पण पोरगी माझ्या घरी असताना तुमची वस्तू तुमच्या दारात नेऊन उभी केली, तर तुमच्या गल्लीतले लोक काय म्हणतील ते मला समजते. सोयरीक मोडली की देणंघेणं परत जाते. म्हणून गाडी पाठवत नाही. तुम्ही या. लेक सासरच्यानं न्यायची असते आणि गाडी मालकानं. एका चकरेत दोन्ही कामं होतील.

तिळगूळ सोबत आहे. विहीणबाईंना नमस्कार.

कवडू


पांढुर्णा
४ फेब्रुवारी २०२५

यशवंतराव,

तुमचं कार्ड मिळालं. "पत्र पावले. आम्ही सर्व कुशल. गाडीची घाई नाही." एवढंच. मी ते तीनदा वाचलं, मग बायकोला वाचायला दिलं. तुम्ही पस्तीस वर्षं पोरांना निबंध शिकवला, तुम्ही एवढंसं लिहिता म्हणजे त्यात काही असेलच. गाडीची घाई नाही, म्हणजे पूनमची घाई आहे काय? का गाडी म्हणजेच पूनम? जयश्री म्हणाली, "त्याईनं लिवलं गाडी, तर गाडीच असंन." मला पटलं नाही, पण दुसरं काही सुचलंही नाही.

काल भिवाजीच्या पिकअपमध्ये सगळे जुने पार्ट तुमच्याकडं पाठवले आहेत. फाटक्या सीटा, कमानीचे तुटके पाटे, जळका डायनामो, चार टायर, सायलेन्सर, आणि एका डब्यात बारीकसारीक. मी बसस्टँडमागं टिनाच्या शेडमध्ये पहिलं दुकान लावलं तेव्हापासूनचा माझा कायदा आहे, बदललेला पार्ट गिऱ्हाईकाच्या हातात द्यायचा. नाही तर माणूस घरी जाऊन म्हणतो, कवडूनं बदललं काही नाही, नुसतं पुसलं. या एका कायद्यावर माझ्या तीन शेडी उभ्या झाल्या. तुमचं घर माझ्या लेकीचं घर, तिथं असंच तेलकट पोतं पाठवायला बरं वाटेना, म्हणून सगळं धुवून, नव्या उपरण्यात बांधून, वर हळदीकुंकू लावून पाठवलं. बसून पाहून घ्या.

गाडी इकडं छान आहे. रोज संध्याकाळी कामावरून आली की पूनम शेडमध्ये जाऊन तिच्यात बसते. तिला इथल्या कलेक्टर ऑफिसात नोकरी लागली तेव्हापासून ती थकून येते. बसते, फोनवर बोलते. मी लांबूनच पाहतो. मनात काही असेल तर मोकळं होऊ द्यावं. एक गोष्ट समजून नाही राहिली. ड्रायव्हरची सीट मी माझ्या मापानं बसवली होती, ती सारखी एक खाच पुढं सरकलेली दिसते. खाचा घासल्या असतील. आणि पेट्रोलही कमी होते. टाकी दोनदा उतरवून पाहिली, कुठं पाझर नाही.

तुम्ही घ्यायला याल तेव्हा ड्रायव्हर आणू नका. ही कोणाच्या बापाला सुरू होत नाही. किल्ली फिरवली की मागं टाकीपाशी पंप टकटक करतो. ती टकटक आधी दाट असते, मग विरळ होते. कुठल्या टकटकीला थांबायचं ते कानाला कळावं लागते. मग चोक दोन बोटं ओढायचा आणि मग स्टार्टरची घुंडी. जरा आधी ओढली तर खोकते, जरा उशिरा ओढली तर पेट्रोल पिऊन बसते. भिवाजी माझ्यासोबत बावीस वर्षं आहे, त्याला नाही जमली. नागपूरचा एक जुन्या गाड्यांचा शौकीन पाहायला आला होता, घामाघूम झाला. पांढुर्ण्यापासून सौंसरपर्यंत हिला चालू करणारा एकच माणूस आहे आणि तो हे पत्र लिहून राहिला आहे.

कवडू


पांढुर्णा
१८ फेब्रुवारी २०२५

यशवंतराव,

भांडे मिळाले. हंडा, गुंड, परात, पाच वाट्या, समई, आणि ते मोठं पातेलं. माणूस उतरवून निघून गेला. गुंडाच्या पोटाला पोचा होता, तो मी आतून लाकडाचा ठोकळा लावून काढला, आता हात फिरवला तरी कळत नाही. पितळी सगळ्याला कल्हई करून घेतली. सौंसरात कल्हईवाला राहिला नाही म्हणतात, खरं असेल. चांगलं केलं माझ्याकडं पाठवले. परातीवरचं नाव मात्र पुसट झालं, "पूनमच्या लग्नाप्रीत्यर्थ आई-बाबांकडून" यातलं "बाबांकडून" जवळजवळ गेलं. ते पुन्हा खोदून घेतो. सोमवारी भिवाजीसोबत परत

वरचं खोडत नाही, तसंच राहू देतो. इथवर लिहिलं होतं आणि जयश्री चहा घेऊन आली. खांद्यावरून वाचलं. कप टेबलावर ठेवला आणि खाली बसली.

"तुम्हाले काय वाटलं, त्याईनं कल्हईले पाठवले?"

"मंग कायले?"

"लग्नातले भांडे हायत ते. तुम्ही त्याईचं सामान परत केलं, त्याईनं आपलं परत केलं."

"म्या काय सामान परत केलं?"

"टायर!" ती एवढ्या जोरानं ओरडली की भिवाजी शेडमधून आत आला.

मग मी भिवाजीला बसवून नीट विचारलं, त्या दिवशी सौंसरला काय झालं. तो म्हणतो, तुम्ही ओसरीवर आले. उपरणं, हळदीकुंकू पाहिलं आणि विचारलं, "हे काय?" हा शहाणा म्हणाला, "मालकानं सांगतलं, तुमचं होतं ते तुम्हाले परत." तुम्ही म्हणाले, "सगळं?" तो म्हणाला, "हाव जी, मोजून घ्या." विहीणबाई आतून आल्या, पाहिलं आणि आत गेल्या. तुम्ही सीटवर हात ठेवला आणि म्हणाले, "ठीक आहे, ठेवा."

यशवंतराव, मी गाडी पाठवली नाही ती याच भीतीनं. पहिल्याच पत्रात तसं लिहिलं होतं, काढून पाहा. पण जुना पार्ट परत करणं हे मला हात धुण्यासारखं आहे, त्यात सोयरिकीचा विचार डोक्यातच आला नाही. ते उपरणं मी मान म्हणून बांधलं होतं. आता कळते की त्याच उपरण्यानं सगळा घात केला. तेलकट पोत्यात पाठवले असते तर तुम्ही टायरच समजले असते.

भांडे परत पाठवू काय? पाठवले तर तुम्ही म्हणाल, आम्ही दिलेलंही घेत नाहीत. ठेवले तर तुम्ही म्हणाल, घेतले बुवा. मी सगळे शेडमध्ये गाडीच्या बाजूला झाकून ठेवले आहेत. पूनमनं पाहिले. मला वाटलं, रडेल. तिनं गुंडावर टिचकी मारून पाहिली आणि म्हणाली, "पोचा बरा काढला, बाबा." आणि आत निघून गेली. आतून हसण्याचा आवाज आला. का खोकल्याचा होता, नक्की सांगता येत नाही.

मोडलं आहे काय, तेवढं एका ओळीत कळवा. तुमच्याकडून मोडलं नसेल तर माझ्याकडून तर नाहीच. मग मोडलं कोणाकडून?

कवडू


पांढुर्णा
३० मार्च, गुढीपाडवा

यशवंतराव,

पाडव्याच्या शुभेच्छा. तुमचं दुसरं कार्ड. "गैरसमज लक्षात आला. तथापि आता परस्परांच्या घरी जाणे प्रशस्त वाटत नाही." हे वाचून मला पहिल्यांदा बरं वाटलं. तुम्हालाही रस्ता सापडत नाही, एवढं तरी कळलं. मला वाटत होतं, आंधळा मी एकटाच फिरून राहिलो.

मी तुमच्या जागी बसून पाहिलं. तुम्ही नुसती गाडी घ्यायला आले तर लोक म्हणतील, सून टाकली आणि डबडा घेऊन गेले. सुनेला घ्यायला आले तर म्हणतील, मास्तर नमले. मी तिला आणून सोडली तर म्हणतील, कवडूला पोरगी जड झाली. दोघांच्याही दारात पाय अडकतो. तेव्हा दार नसलेली जागा पाहावी लागेल.

माझ्या डोक्यात असं आहे. बारा एप्रिलला हनुमान जयंती. नवी गाडी घेतली की या भागातला प्रत्येक माणूस ती जामसांवलीच्या मारुतीपुढं नेऊन हार घालतो, त्यात कोणाला काही विचित्र वाटत नाही. आपली तर बासष्ट सालची नवी आहे. मी पूनमला बाजूला बसवून गाडी पूजेला आणतो. तुम्ही आणि विहीणबाई दर्शनाला येता. तिथं भेट झाली, बोलणं झालं, लेक तुमच्यासोबत गेली आणि गाडीही. कोणी कोणाच्या दारात आलं नाही. मी लेक पोचवली नाही, तुम्ही न्यायला आले नाहीत. मारुतीच्या आवारात आपोआप झालं.

पूनमला सांगितलं. ती भाजी निवडत होती.

"म्हणजे मी आन् गाडी एकाच खेपेत?" म्हणाली.

"तसं नाही बाई. निमित्त गाडीचं."

"निमित्त कोणाचं का असेना, उतरवून घेणार मलेच. वैभवले विचारलं काय?"

"त्याले काय विचारायचं? त्याचे बाबा येऊन राहिले ना."

"हाव," म्हणाली, "त्याचे बाबा येऊन राहिले, माहे बाबा येऊन राहिले. मस्त." आणि पुन्हा भाजी निवडू लागली.

तिला पटलं असं मी धरून चाललो. हाव म्हणाली ती.

तुमचा होकार कार्डानं कळवा. तुमच्या पद्धतीनं कळवा, मी लावून घेईन अर्थ.

कवडू


पांढुर्णा
१२ एप्रिल, संध्याकाळ

यशवंतराव,

आज जामसांवलीला तुम्ही मला पाहिलं. रांगेच्या बाहेर, प्रसादाच्या दुकानापाशी. माझ्या हातात झेंडूचा मोठा हार होता, गाडीच्या मापाचा, आणि मी एकटा होतो. तुम्ही माझ्या मागं पाहिलं. मागं गाडी नव्हती, पूनम नव्हती. तुम्ही विहीणबाईंना काही म्हणाले आणि दोघं वळले. मी हाक मारली, पण भोंग्यापुढं कोणाला ऐकू जाते. गर्दीत तुमच्यापर्यंत पोचेपर्यंत तुम्ही गेलेले होते. तुमच्या मनात काय आलं असेल ते मला माहीत आहे. कवडूनं बोलावलं आणि फसवलं. म्हणून घरी येऊन हातपाय न धुता लिहून राहिलो.

तुमच्या "दर्शनास दरवर्षी जातोच" या कार्डाचा अर्थ मी होकारच लावला होता. सकाळी गाडी पुसली. पूनम आंघोळ करून तयार होती, हिरवं लुगडं नेसली होती. मी हार आणि लिंबू आणायला बाजारात गेलो. हारवाला म्हणे, एवढा मोठा हार कोणत्या मूर्तीला? मी म्हटलं, चार चाकांच्या. परत आलो तर फाटक सताड उघडं आणि शेड रिकामी. जयश्री फाटकात उभी. तिच्या हाताला हळद होती.

"गाडी?"

"गेली."

"कोणी नेली?"

"पूनमनं."

"कुठं?"

"वैभवले आणाले."

मी म्हटलं, अगं, तो आणणार का ही आणणार? आजवर कोणत्या पोरीनं नवऱ्याला आणायला गाडी नेली? जयश्री म्हणाली, "आता नेली." मग तिनं मला पाटावर बसवलं आणि सांगितलं. तिनं सांगितलं ते तुम्हाला सांगतो. मला अजूनही त्यातलं अर्धं खरं वाटत नाही.

त्यांच्यात भांडण नव्हतंच. दिवाळीत इथं आली तेव्हाच त्यांचं ठरत आलं होतं. तिची नोकरी पांढुर्ण्याला, त्याची सौंसरला. रोज कोणीतरी एक बसमध्ये उभं राहून जाणार आणि रात्रीचं जेवण थंड खाणार. तेव्हा मधल्या मोहगावात दोन खोल्या घ्यायच्या, दोघांनी दोन दिशांना जायचं आणि संध्याकाळी एका घरी यायचं. त्यानं तुम्हाला सांगितलं म्हणे. तुम्ही म्हणाले, पाहू. तिनं मला भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सांगितलं म्हणे. मी कार्बोरेटर फुंकून राहिलो होतो. मीही म्हटलं, पाहू. मला हे आठवत नाही. पण मी पाहू म्हणतो, हे खरं आहे.

मग ते वाट पाहून राहिले, की दोघं बाप एकमेकांशी बोलून मोकळे होतील. आपण टायर पाठवले आणि भांडे पाठवले. तेव्हा वैभव म्हणाला म्हणे, "आता आपणच ठरवू, नाही तर पुढच्या वेळी हे लोक दारं-खिडक्या काढून पाठवतील." खोल्या पाडव्यापासून घेतल्या आहेत. विहीणबाईंना सगळं माहीत आहे. जयश्रीला माहीत आहे. त्या दोघी रोज फोनवर बोलतात. तुम्हाला माहीत होतं काय? मला खरंच जाणून घ्यायचं आहे, कारण नसेल तर या दोन घरांत मी एकटाच येडा नाही.

गाडीच्या डिकीत पूनमनं गुंड, परात आणि समई नेली. हंडा मावला नाही म्हणून राहिला. सौंसरला गेली, वैभवला त्याच्या ऑफिससमोरून घेतलं (सुट्टी असून तो तिथं उभा होता, दोघांचं आधीच ठरलं होतं म्हणे) आणि मोहगावला. दुपारी जयश्रीला फोन आला, दूध उतू जाऊ दिलं म्हणे.

आता माझा गोंधळ ऐका. पोरगी माहेरी नाही. सासरी म्हणावी तर सासरीही नाही. तुमची गाडी मी परत केली काय? केली म्हणावी तर तुमच्या दारात नाही. चोरीला गेली म्हणावी तर घरातलीच नेणारी. भांडे कोणाचे, ते तर विचारूच नका. मी हा हार घेऊन बसलो होतो, घालायला काहीच नव्हतं. शेवटी भिवाजीच्या पिकअपला घातला. तो खूश आहे.

आणि एक. मला राग यायला पाहिजे होता. बसमध्ये जामसांवलीपर्यंत मी वाट पाहिली, आता येईल, मग येईल. आला नाही. काय आलं तेही सांगता येत नाही. बाजूच्या बाईनं विचारलं, "भाऊ, घरी काही झालं काय?" मी म्हटलं, "काही नाही झालं." मग माझंच मला हसू आलं.

उद्या रविवार, म्हणून हे पत्र टपालात न टाकता भिवाजीसोबत आत्ताच पाठवतो. दोघांनी आपल्या चौघांना मोहगावला जेवायला बोलावलं आहे. तुमचा निरोप विहीणबाईंकडं असेल, विचारा. गाडीत जागा नाही, तिला दोनच सीटा आहेत, तेव्हा तुम्ही तिकडून बसनं या, आम्ही इकडून बसनं येतो. कोणाच्या दारात कोण आलं, हा प्रश्न तिथं उरत नाही. दार त्यांचं आहे.

शेवटचं जयश्रीला विचारलं, मी नसताना पूनमनं गाडी सुरू कशी केली? किती वेळ लागला? टकटक ऐकली काय, कान लावला काय? जयश्री पोळीचं पीठ मळून राहिली होती, वर पाहिलंही नाही.

"बसली, ओढलं, गेली," म्हणाली.

एका ओढीत.

कवडू